रेम्ब्रांटचा उलटा शंख : एका डच वस्तुचित्राचा अर्थ लावताना

जवळपास पोस्टकार्डाएवढा ठसा, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर छापलेलं चित्र. उंची ९७ मिलिमीटर, रुंदी १३२. त्यात आडवा ठेवलेला एकच शंख, अंगावर काळपट जाळीत पांढरे डाग, रुंद टोकाला चपटी चक्री, मागे दाट काळोख. खाली सही आणि साल : १६५०. डच चित्रकार रेम्ब्रांट व्हॅन राइन (१६०६–१६६९) याने आयुष्यात तीनशेच्या आसपास एचिंग, म्हणजे पत्र्यावरच्या रेघा आम्लाने खोदून काढलेले ठसे, केली. त्यांत माणसं आहेत, बायबलमधले प्रसंग आहेत, झोपड्या, झाडं, भिकारी आहेत. नुसती एक वस्तू समोर ठेवून केलेलं वस्तुचित्र हे एवढंच.

या ठशाचा विषय निघाला की दोन विधानं हमखास कानावर येतात. पहिलं, शंखाची चक्री उलटी छापली गेली आहे, रेम्ब्रांट चुकला. दुसरं, शंख म्हणजे नश्वरता. प्राणी गेला, घर उरलं. दोन्हींत तथ्य आहे, पण बहुतेक लेखन तिथेच थांबतं. आमच्या मते ही उलटी चक्री हाच या चित्राचा सगळ्यांत बोलका पुरावा आहे. तांब्याच्या पत्र्यावर काम कसं झालं ते ती सांगते. ते समजून न घेता थेट प्रतीकांकडे वळलं, तर अर्थ चित्रातून निघत नाही, आपल्या आधीच्या वाचनातून निघतो. म्हणून आधी वस्तू, मग पत्रा, आणि अर्थ सगळ्यांत शेवटी, या क्रमाने हे प्रकरण पाहू.

वस्तू कोणती

हा शंख जातीपर्यंत ओळखता येतो, आणि वस्तुचित्रांच्या बाबतीत ही मोठीच सोय आहे. शंकूसारखं निमुळतं अंग, रुंद टोकाच्या खांद्यावर गाठींची ओळ, चक्री जवळपास सपाट, आणि गडद जाळीत बसलेले गोलसर-त्रिकोणी पांढरे डाग. याचं शास्त्रीय नाव कोनस मार्मोरियस. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली ते दिलं. मार्मोरियस म्हणजे संगमरवरी. कोनस या प्रजातीची आदर्श जाती, म्हणजे जिच्यावरून प्रजातीची ओळख ठरते ती, म्हणून आजही हीच धरतात. जुन्या फ्रेंच यादीकारांनी या ठशाला 'दामिए' म्हटलं होतं, म्हणजे सोंगट्यांचा काळा-पांढरा पट. नक्षी पाहिली की ते नाव का पडलं असेल हे लगेच कळतं.

जिवंतपणी हा प्राणी विषारी असतो. पोकळ, भाल्यासारखा दात मारून तो इतर शंखांतले प्राणी खातो. राहतो हिंदी महासागर आणि पश्चिम प्रशांत महासागरातल्या उबदार, उथळ पाण्यात, प्रवाळाच्या आसपास. युरोपच्या किनाऱ्यावर तो सापडत नाही. म्हणजे ॲमस्टरडॅममधल्या टेबलावर तो पोचला तो समुद्रमार्गे, आणि त्या काळात पूर्वेकडचा तो मार्ग डचांसाठी मुख्यतः एकाच संस्थेच्या हातात होता : १६०२ साली स्थापन झालेली डच ईस्ट इंडिया कंपनी. वेंगुर्ल्याला जिची वखार होती, तीच ही कंपनी. मिरी, जायफळ, लवंग, कापड हा तिचा खरा माल. शंख यायचे ते खलाशांच्या, कारकुनांच्या पेट्यांतून, आणि उतरल्यावर शौकिनांना विकले जायचे.

आणखी एक बारकावा. समुद्रातून काढलेला कोनस असा दिसत नाही. त्याच्या अंगावर तपकिरी पातळ साल असते आणि तिच्याखाली नक्षी अर्धीअधिक झाकलेली असते. ती साल खरवडून, घासून, चकाकी आणून मग शंख विकायला ठेवत. रेम्ब्रांटच्या ठशात एकेक डाग सुटा दिसतो, कडा स्वच्छ आहेत. त्याच्यासमोर होता तो संग्राहकाच्या कपाटातला, माणसाचा हात लागलेला शंख. 'निसर्गातील वस्तूचे चित्र' असं आपण सहज म्हणतो, पण चित्रात आली तेव्हा ही वस्तू निसर्गातून बरीच लांब आलेली होती.

रेम्ब्रांट स्वतः असा संग्राहक होता. १६३७ साली ॲमस्टरडॅममधल्या एका लिलावात त्याने एक शंख ११ गिल्डरना विकत घेतला, अशी नोंद आहे. कसबी कारागिराची दहाएक दिवसांची मजुरी होईल एवढी ही रक्कम. तो शंख म्हणजेच ठशातला हा शंख, असं मात्र म्हणता येत नाही. नोंदीत जातीचं वर्णन नाही, आणि ठसा तेरा वर्षांनंतरचा आहे. पुढे १६५६ मध्ये रेम्ब्रांट कर्जात बुडाला, तेव्हा २५ आणि २६ जुलैला त्याच्या घरातल्या वस्तूंची यादी झाली. ३६३ नोंदींच्या त्या यादीत कलावस्तूंच्या खोलीत मोठ्या संख्येने शंख, समुद्री वनस्पती आणि जिवंत वस्तूंवरून घेतलेले साचे असल्याचं लिहिलं आहे. त्या यादीत शंखासाठी डच शब्द आहे 'होर्न', म्हणजे शिंग. आपण रणशिंग म्हणतो त्याच्या जवळचा शब्द.

उलटेपणा कसा तपासायचा

इथे घाई केली की सगळं बिघडतं, म्हणून रीत नीट पाहू.

शंखाच्या चक्रीचं केंद्र डोळ्यांसमोर धरा. बोट केंद्रावर ठेवा आणि वेटोळ्याच्या खाचेतून बाहेरच्या बाजूला फिरवत न्या. बोट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरलं, तर शंख उजवा. उलट फिरलं, तर डावा. दुसरी खूण अशी : चक्रीचं टोक वर आणि शंखाचं तोंड आपल्याकडे धरलं की उजव्या शंखाचं तोंड उजव्या हाताला येतं. चित्रात तोंड नेहमी दिसतंच असं नाही. चक्री दिसत असेल तर पहिली खूण अधिक भरवशाची.

कोनस मार्मोरियस हा उजवा शंख आहे. आता रेम्ब्रांटच्या ठशाचा मोठा फोटो उघडा. ॲमस्टरडॅमचं राइक्सम्यूझियम आणि लंडनचं ब्रिटिश म्यूझियम या दोन्हींच्या संग्रहांत या ठशाच्या प्रती आहेत, आणि संग्रहालयांचे फोटो पुरेसे मोठे करून पाहता येतात. चक्रीच्या मध्यावर बोट ठेवून बाहेर न्या. ते काट्यांच्या उलट दिशेने फिरेल.

मग तोच फोटो मोबाइलवर आडवा उलटवा, आरशात दिसतो तसा. आता चक्री बरोबर झाली, पण खाली बघा : सही उलटी झाली आहे. पुन्हा उलटवा, सही सुलट आणि शंख उलटा. दोन्ही एकाच वेळी सुलट कधीच होत नाहीत. या एका कृतीत सगळं प्रकरण हातात येतं. त्याने सहीची अक्षरं पत्र्यावर उलटी लिहिली, म्हणून ती कागदावर सुलट आली. शंख पत्र्यावर सुलट काढला, म्हणून तो कागदावर उलटा आला.

एक खबरदारी. फोटो अर्धवर्तुळात फिरवून, म्हणजे डोकं खाली पाय वर करून, चक्रीची दिशा बदलत नाही. ती फक्त आरशासारखी उलथापालथ केल्यावरच बदलते. 'त्याने शंख दुसऱ्या बाजूने ठेवला असेल' हे स्पष्टीकरण वरचेवर दिलं जातं, पण ते टिकत नाही. शंख कसाही ठेवा, खालून बघा, वरून बघा, उजवा शंख उजवाच राहतो.

दुसरी खबरदारी फोटोच्या उगमाची. या ठशाच्या काही छापील आणि ऑनलाइन प्रतिमा कोणीतरी 'दुरुस्त' करून उलटवलेल्या असतात. म्हणून आधी सही वाचायची, मग चक्रीकडे जायचं. सहीशिवाय कापलेल्या प्रतिमेवरून दिशेबद्दल काहीही बोलू नये.

मराठी वाचकाचा इथे एक खास घोळ होतो, तोही सोडवून घेऊ. देवघरातला नेहमीचा शंख, टर्बिनेला पायरम, आपण वामावर्ती म्हणतो. प्राणिशास्त्रात तो उजवा आहे. आणि ज्याला लोक एवढे पैसे मोजतात तो दक्षिणावर्ती शंख शास्त्राच्या भाषेत डावा. नावं उलट, वस्तू त्याच. फरक धरण्याच्या पद्धतीचा आहे : चक्रीचं टोक वर धरलं की तोंड एका बाजूला येतं, निमुळती चोच वर धरली की दुसऱ्या. रेम्ब्रांटच्या कागदावरची चक्री दक्षिणावर्ती शंखासारखी वळते. म्हणून या ठशाबद्दल मराठीत 'डावा' किंवा 'उजवा' एवढंच लिहून भागत नाही. 'केंद्रातून बाहेर जाताना काट्यांच्या उलट' असं लिहावं, मग कोणाचाच गोंधळ होत नाही. (जाता जाता : बाजारात दक्षिणावर्ती म्हणून अमेरिकेतल्या एका वेगळ्याच, मुळात डाव्या जातीचे शंख विकले जातात. खऱ्या टर्बिनेलाच्या तोंडात आतल्या खांबावर तीन-चार आडव्या वळ्या असतात, त्या अमेरिकी शंखात नसतात. घेणाऱ्याने आत बोट घालून बघावं.)

पत्र्यावर काय घडलं

एचिंगची रीत थोडक्यात अशी. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा, त्यावर मेण, राळ आणि डांबरासारखा पदार्थ यांच्या मिश्रणाचा पातळ थर द्यायचा. सुईने या थरावर रेखाटायचं, म्हणजे सुई जाते तिथे तांबं उघडं पडतं. पत्रा आम्लात ठेवायचा. उघडं तांबं आम्ल खातं, थराखालचं शाबूत राहतं. जास्त वेळ ठेवलं तर रेघ खोल आणि छपाईत काळी, कमी वेळ ठेवलं तर उथळ आणि फिकी. थर पुसून शाई भरायची, वरची शाई पुसून काढायची, रेघांतली तेवढी राहू द्यायची. मग ओलसर कागद वर ठेवून दोन रुळांच्या यंत्रातून दाबून काढायचा. दाबाने कागद रेघांत शिरतो आणि शाई उचलतो.

या सगळ्यात उजवं-डावं उलटतं. रबरी शिक्क्यावरची अक्षरं उलटी असतात तसंच. पत्र्यावर डावीकडे काढलेलं कागदावर उजवीकडे येतं.

हे टाळायचे उपाय त्या काळच्या कारागिरांना माहीत होते. आधी कागदावर रेखाटन करायचं, तो कागद पालथा घालून रेषा पत्र्यावर उतरवायच्या. किंवा वस्तू आरशात बघून काढायची. रेम्ब्रांटला रेषा उतरवण्याची युक्ती अवगत होती. धर्मोपदेशक अन्स्लो याच्या १६४१ च्या एचिंगसाठी त्याने आधी लाल खडूने रेखाटन केलं, आणि त्या रेषा पत्र्यावर उतरवण्यासाठी दाबून गिरवल्या. दाबाच्या खुणा त्या कागदावर आहेत.

पण कित्येकदा तो तसं करत नसे. समोर दिसतं ते सरळ पत्र्यावर. १६४० च्या सुमाराचं त्याचं ॲमस्टरडॅम शहराचं दृश्य याचा उत्तम दाखला आहे : शहराची क्षितिजरेषा छापील कागदावर आरशातल्यासारखी उलटी आली आहे. शहरातल्या कोणाही माणसाला ते कळलं असणार, आणि त्याला स्वतःला तर नक्कीच. तरी त्याने तो पत्रा छापला. शंखाच्या बाबतीत हाच धागा धरावा असं आम्हाला वाटतं. शंख टेबलावर, पत्रा हातात, मधे कुठलाही कागद नाही. उलटी चक्री ही त्या थेटपणाची खूण आहे.

हे फक्त तर्कावर सोडायची गरज नाही, कारण या पत्र्याच्या तीन अवस्था आपल्याला माहीत आहेत. पत्र्यावर थोडं काम करून ठसे काढायचे, परत पत्रा हातात घेऊन बदल करायचे, परत ठसे काढायचे. अशा प्रत्येक टप्प्याला अवस्था म्हणतात, छपाईवाले 'स्टेट' म्हणतात. प्रकरणाचा गाभा या तिन्हींत आहे.

पहिल्या अवस्थेत शंखामागे काहीच नाही, कोरा कागद. तिचे ठसे फार दुर्मीळ आहेत. ते पाहिल्यावर व्हेन्सेस्लाउस होलार आठवावा. प्राग शहरात जन्मलेल्या होलारने १६४० च्या दशकात शंखांची ३८ एचिंग केली. कोऱ्या पार्श्वभूमीवर एकेक शंख, नमुन्याच्या पानासारखा. रेम्ब्रांटला ही मालिका माहीत असावी असं बहुतेक अभ्यासक मानतात. पहिल्या अवस्थेपर्यंत दोघांचं काम एकाच जातीचं वाटतं. मोकळ्या जागेत तरंगणारा नमुना. संग्राहकाने पहावा, नाव द्यावं आणि पान उलटावं.

दुसऱ्या अवस्थेत हे बदललं. रेम्ब्रांटने मागची सगळी जागा रेघांवर रेघा देऊन काळी केली, फडताळाच्या आतल्यासारखी. आता शंख कशावर तरी ठेवलेला आहे. त्याला वजन आलं, त्याच्या मागे खोली आली, अंगावर पडणारा उजेड एखाद्या खिडकीतून आल्यासारखा झाला. शंखाच्या अंगात फारसा फरक पडलेला नसताना चित्राचा प्रकार बदलला. निसर्गनोंदीच्या पानाचं वस्तुचित्र झालं. या ठशाचा अर्थ शोधणाऱ्याने सर्वांत जास्त वेळ कुठे द्यावा असं विचारलं, तर आम्ही या दोन अवस्था शेजारीशेजारी ठेवून बघायला सांगू. इथे कलावंताचा निर्णय उघड दिसतो. एरवी रंगचित्रात असा निर्णय वरच्या थरांखाली गडप होतो, आणि तो पाहायला क्ष-किरणांची मदत घ्यावी लागते.

तिसऱ्या अवस्थेतला बदल छोटा आहे : चक्रीची रेघ मध्याकडे आणखी आत नेली आहे. पण दिशेच्या प्रश्नासाठी तो निर्णायक आहे. रेम्ब्रांट पुन्हा त्याच चक्रीकडे वळला, हत्यार हातात घेऊन, तिच्या केंद्रात. तोवर या पत्र्याचे ठसे कागदावर निघालेले होते. उलटी चक्री त्याच्यासमोर छापलेली होती. त्याने वेटोळं पुढे नेलं, त्याच दिशेने. तांब्यात खोल गेलेली रेघ बदलायची तर ती घासून, मागून ठोकून पृष्ठभाग समतल करून पुन्हा काढावी लागते, आणि एवढ्या दाट कामात पूर्ण चक्री पालटणं म्हणजे नवा पत्रा घेण्यासारखं. तरीही 'नजरेतून सुटलं' एवढं म्हणून हा प्रश्न मिटत नाही. चक्रीकडेच त्याची नजर होती.

चूक म्हणायची का

प्राणिशास्त्राच्या दृष्टीने चूक आहेच. पण तो आजचा निकष आहे. वेटोळ्याची दिशा हे जात ओळखण्याचं महत्त्वाचं लक्षण आहे, ही जाण १६५० मध्ये पक्की झालेली नव्हती. १६८१ साली रोममध्ये फिलिप्पो बोनान्नी याचं शंखांवरचं स्वतंत्र पुस्तक आलं, असं पहिलंच. त्यातल्या चित्रपानांवरचे शंखही उलटे छापले गेले. रेम्ब्रांटनंतर तीस वर्षांनी, आणि तेही शंखांचाच अभ्यास करणाऱ्याच्या पुस्तकात. जिथे जाणकाराला दिशेची फिकीर नव्हती, तिथे चित्रकाराकडून ती अपेक्षा करणं फारसं न्याय्य नाही.

सही मात्र उलटी चालत नव्हती, कारण ती वाचायची होती. शंख पाहायचा होता. पत्र्यावरचा हा फरक रेम्ब्रांटच्या कामाच्या पद्धतीबद्दल बरंच काही सांगतो : जे पाहण्यासाठी आहे ते डोळ्यांवरून सरळ हातात, जे वाचण्यासाठी आहे ते उलटवून.

रंगचित्रांकडे वळताना ही गोष्ट उपयोगी पडते. बाल्थासर व्हान डर आस्ट हा मिडलबर्ग गावचा. १५९३ किंवा १५९४ चा जन्म, पुढे उट्रेख्ट, १६३२ पासून डेल्फ्ट, मृत्यू १६५७. मिडलबर्गलाही डच कंपनीची शाखा होती. त्याने फळाफुलांबरोबर पूर्वेकडचे शंख भरपूर रंगवले. रंगचित्रात काहीच उलटत नाही; समोरचा शंख उजवा असेल तर फळीवरही उजवाच उतरतो. म्हणून डच रंगचित्रात नेहमीच्या जातीचा शंख उलटा दिसला, तर आधी शंका घ्यावी ती छापील पानाची : चित्रकाराने वस्तू समोर न ठेवता एखाद्या कोरीव ठशावरून नक्कल केली असावी. हा पुरावा एकटा पुरेसा नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते त्यावरून कळतं. ठशात उलटेपणा वस्तूशी जवळीक दाखवतो, आणि रंगचित्रात नेमका तोच उलटेपणा वस्तूपासूनचं अंतर दाखवतो. एकच खूण माध्यम बदललं की उलट साक्ष देते. इथे घसरणारे अभ्यासक आम्ही बरेच पाहिले आहेत.

आणि नश्वरता?

डच वस्तुचित्रांत नश्वरतेचा अर्थ खरोखर आहे, तो मागाहून चिकटवलेला नाही. याकब दे गेन याने १६०३ साली कवटी, बुडबुडा, फुलं आणि नाणी एकत्र मांडून असं चित्र केलं; ते आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझियममध्ये आहे. पण त्यात कवटी आहे. पुढच्या अशा चित्रांत वाळूचं घड्याळ असतं, विझलेली वात असते, घड्याळाची किल्ली असते. शंख त्यांच्या सोबतीला बसला की त्या मांडणीचा अर्थ घेतो.

शंखाला तेव्हा दुसरेही अर्थ होते. १६०३ मध्येच हेंड्रिक गोल्टझियसने हार्लेमच्या एका शंखसंग्राहकाचं व्यक्तिचित्र रंगवलं, हातात शंख घेऊन. तिथे शंख म्हणजे त्या माणसाचा अभिमान. आणि १६१४ साली रूमर व्हिसर याने आपल्या बोधचित्रांच्या पुस्तकात शंखांचं चित्र देऊन वर मथळा घातला तो मूर्ख माणूस पैसा कशावर उधळेल याचा नेम नाही, अशा आशयाचा. म्हणजे अर्ध्या शतकाच्या आत एकाच वस्तूला तीन अर्थ : मरण, मान आणि उधळपट्टी. यातला कुठला लागू, हे चित्रातल्या शेजाऱ्यांवरून ठरतं.

रेम्ब्रांटच्या शंखाला शेजारीच नाही. कवटी नाही, मालक नाही, मथळा नाही. दुसऱ्या अवस्थेत त्याला जागा हवी होती तेव्हा एखादी वात, एखादं घड्याळ घालणं अगदी सोपं होतं. त्याने काळोख घातला. म्हणून नश्वरतेचं वाचन आम्ही इथे दुबळं समजतो. कोणी ते केलं तर ते शक्य आहे एवढंच म्हणावं, चित्र ते सांगतं असं म्हणू नये. चित्र जे सांगतं ते असं : दूरच्या समुद्रातून आलेली, खरवडून घासलेली, पैसे मोजून घेतलेली वस्तू एका माणसाने इतकी जवळून पाहिली की तिची नक्षी डागाडागाने तांब्यात उतरवली, आणि मग तिला बसायला जागा करून दिली.

डागांकडे मोठं करून पाहिल्यावर हे पटतं. पांढरा डाग म्हणजे सोडलेला कागद, तिथे रेघच नाही. त्याच्याभोवतीची जाळी वेगवेगळ्या दिशांच्या बारीक रेघांची आहे, आणि अंग वळतं तिथे डाग कडेला अरुंद होत जातात. रेघांचे प्रकारही निराळे करता येतात. आम्लाने खाल्लेली रेघ सारख्या जाडीची, टोकाला बोथट. बुरिनने, म्हणजे कोरणीने, काढलेली रेघ मधे जाड आणि टोकाला सुईसारखी. ड्रायपॉइंट म्हणजे सुईने थेट तांबं ओरखडलेली रेघ. तिच्या काठावर तांब्याची बारीक कंगोरी उठते, ती शाई धरून ठेवते आणि छपाईत मखमली, किंचित फुटलेला काळा रंग येतो. या ठशात तिन्ही आहेत. ड्रायपॉइंटची कंगोरी रुळांच्या दाबाखाली लवकर झिजते, थोड्याच ठशांत चपटी होते. त्यामुळे एकाच अवस्थेचे दोन ठसे शेजारी ठेवले तरी एकात काळोख ऊबदार आणि दाट, दुसऱ्यात करडा आणि उघडा दिसू शकतो. 'रेम्ब्रांटने इथे छाया हलकी ठेवली' असं लिहिण्याआधी आपल्यासमोरचा ठसा ताज्या पत्र्याचा आहे की झिजलेल्या, हे विचारावं. कागदही बघावा : १६४७ च्या सुमारापासून रेम्ब्रांट काही ठसे जपानी कागदावर काढू लागला. तो मऊ, किंचित पिवळसर असतो आणि शाई वेगळी धरतो. तोही डच कंपनीच्या जहाजांतूनच यायचा.

प्रदर्शनात किंवा संग्रहाच्या नोंदवहीत या ठशाची मराठी नोंद करायची झाली तर ती साधारण अशी असावी :

रेम्ब्रांट व्हॅन राइन, 'शंख', १६५०. एचिंग, ड्रायपॉइंट आणि कोरणी. सुमारे ९७ × १३२ मि.मी.; अवस्था (पहिली, दुसरी की तिसरी ते चक्रीचा मध्य आणि पार्श्वभूमी पाहून लिहावे); कागदाचा प्रकार. शंख : कोनस मार्मोरियस, हिंदी आणि पश्चिम प्रशांत महासागर. सही सुलट. चक्री केंद्रातून बाहेर जाताना काट्यांच्या उलट दिशेने, म्हणजे प्रत्यक्ष शंखाच्या आरशातल्या प्रतिमेसारखी. पत्र्यावर थेट रेखाटल्यामुळे.